टेंभूचे आगरकर

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. आगरकर म्हटलं की मला आठवायचा तो अजित आगरकर, नाहीतर अंधेरी स्टेशनबाहेरचा आगरकर चौक. तो चौक कोणाच्या नावाचा, हे तिथून शेकडो वेळा बस पकडूनही मी कधी कोणाला विचारलं नाही.

माझा रूम पार्टनर आटपाडीकडचा, दुष्काळी भागातला. टेंभू हे नाव पहिल्यांदा मी त्याच्याच तोंडून ऐकलं. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी अडवतात आणि पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून आटपाडी, सांगोल्याकडे नेतात. सिव्हिलवाल्यांना ही योजना माहीत असेलच. पण त्याच टेंभूत १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर जन्मले, हे मला या वर्षी कळलं. मराठी विभागासाठी एखादं चरित्र लिहून दे म्हणून सांगण्यात आलं, लायब्ररीत हाताला आगरकर लागले. तेव्हा पार्टनरचं आणि माझं बोलणं बंद होतं.

कारण सांगतो. मी मेस सेक्रेटरी. गॅदरिंगच्या फीस्टआधी मी नोटीस लावली की ज्यांचं बिल थकलंय त्यांना कूपन मिळणार नाही. नियम सगळ्यांना सारखा, मग तक्रार कसली? पार्टनर भर मीटिंगमध्ये उभा राहिला. ज्याच्या बापाचा पगार एक तारखेला होतो आणि ज्याच्या घरी माल विकल्यावरच पैसा येतो, त्या दोघांना एकच तारीख लावणं हा न्याय नाही, असं त्याचं म्हणणं. मी चिडून त्याला राजकारण करू नकोस म्हटलं. फीस्टच्या रात्री चार पोरं बाहेर वडापाव खायला गेली. पार्टनरचं बिल भरलेलं होतं, तरी तो त्यांच्याबरोबर गेला.

असो. आता आगरकरांकडे वळू.

घरची परिस्थिती बेताची. गोपाळ कराडला आजोळी राहून शिकला. पुढे शिकायला पैसे नाहीत म्हणून कोवळ्या वयात तिथल्या कचेरीत उमेदवारी केली. इंग्रजी शिकायला रत्नागिरी गाठली, पण तिथे निभाव लागेना. परत कराडला येऊन दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं. मग नातेवाइकांच्या आधाराने थेट वऱ्हाडात, अकोल्याला. तिथे विष्णु मोरेश्वर महाजनी हे शिक्षक भेटले, त्यांनी या मुलाची हुशारी ओळखून पाठीवर हात ठेवला. १८७५ ला मॅट्रिक होऊन आगरकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. वर्तमानपत्रात लिहून, बक्षिसं आणि स्कॉलरशिप मिळवून खर्च भागवायचे. अंगात एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, असं सांगतात. आपल्याला जर्नल वेळेत लिहायचं जिवावर येतं!

डेक्कन कॉलेजातच त्यांची टिळकांशी दोस्ती झाली. टिळक रत्नागिरीचे, आगरकरांपेक्षा नऊच दिवसांनी लहान. तेही काही मोठ्या शहरातले नव्हेत, पण त्यांचे वडील शिक्षण खात्यात नोकरीला होते. दोघांनी मिळून ठरवलं की सरकारी नोकरी करायची नाही, शिक्षणाचं काम करायचं. एम.ए. होणारा मुलगा आता मोठा पगार आणणार, अशी आईला आशा असणार. पण आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवून टाकलं की पोटापुरतं मिळवीन आणि बाकी आयुष्य लोकांसाठी घालवीन. ज्याने एका सदऱ्यावर दिवस काढले त्याने हे लिहावं, इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो.

१८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८१ मध्ये केसरी आणि मराठा. केसरीचे पहिले संपादक आगरकरच. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतोय म्हणून लिहिलं, पण दिवाण बर्व्यांच्या विरोधातली पत्रं बनावट निघाली. १८८२ मध्ये अब्रुनुकसानीच्या खटल्यात दोघांना शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. पुढे १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज. इथपर्यंत ही जोडी एकत्र.

मग फाटलं. विधवांचं केशवपन, बालविवाह, मुलींचं शिक्षण या गोष्टी आधी सुधारायच्या, असं आगरकरांचं मत. टिळकांना राजकीय प्रश्न आधीचा वाटायचा, आणि इंग्रजांच्या कायद्याने समाज सुधारणं पटत नव्हतं. पण मला जास्त खटकला तो दुसरा वाद. संस्थेच्या आजीव सदस्यांनी पगार किती घ्यावा, बाहेरची मिळकत करावी का, यावरून ठिणग्या उडाल्या. त्याग म्हणजे त्याग, नियम सगळ्यांना एकच, ही टिळकांची बाजू. घर चालवताना पगार पुरत नाही, तो वाढला पाहिजे, ही आगरकर आणि आणखी काही जणांची बाजू. दोघंही प्रामाणिक. फरक मला एवढाच दिसतो की रिकामा डबा कसा दिसतो हे कराडच्या त्या कंपाउंडरला लहानपणापासून ठाऊक होतं. वाचताना मला माझी नोटीस आठवली. मी काही टिळक नव्हे, पण बाजू तीच घेतली होती, आणि तीही स्वतः काही न सोडता!

१८८७ मध्ये आगरकरांनी केसरी सोडला, १८८८ मध्ये सुधारक काढला. इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळायचे. पुण्यातल्या लोकांनी चिडून आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी त्यांनी लिहिणं थांबवलं नाही. एवढा बंडखोर माणूस, पण घरात पत्नी यशोदाबाईंच्या देवधर्माच्या आड कधी आला नाही. मला तर मेसचं मेन्यूकार्डसुद्धा दुसऱ्यावर लादावंसं वाटतं.

१८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. १८९२ मध्ये आगरकर फर्ग्युसनचे प्रिन्सिपल झाले, पण दम्याने शरीर पोखरलं होतं. १७ जून १८९५ ला ते गेले, वय अवघं ३८. केसरीतला मृत्युलेख टिळकांनी लिहिला, आणि तो लिहिताना ते रडले, असं सांगतात. इतकी वर्षं एकमेकांवर लिहिलेलं पुसायला मात्र आता उशीर झाला होता.

इंजिनीअरिंगची चार वर्षं असतात, त्यातली आमची जवळजवळ तीन संपली. मेसची तारीख बदलायचा ठराव मी कमिटीपुढे ठेवलाय. मंजूर होईल की नाही माहीत नाही, रेक्टर सरांना अजून हिशेब पटलेला नाही.

हा लेख द्यायच्या आधी मी पार्टनरच्या टेबलावर ठेवला. सकाळी तो लाल पेनाच्या खुणांनी भरून परत आला. मग त्याने दोन चहा सांगितले आणि टेंभूच्या पंपांबद्दल मी काय काय चुकीचं लिहिलं होतं ते अर्धा तास समजावलं. आता ज्या चुका उरल्यात त्या माझ्या.