रेषांतली माणसे

मारियो मिरांडा यांचा जन्म २ मे १९२६ रोजी दमण येथे झाला. गोव्यातील लोटली हे त्यांचे गाव. बालपणी ते घराच्या भिंतींवर चित्रे काढीत. आईने त्यांना रागे न भरता कोरी वही दिली. पुढे वह्यांतून पाद्री, शेजारी, गावकरी उतरू लागले. धर्मगुरूंची व्यंगचित्रे काढल्यामुळे शाळेत रोष ओढवला; तरी रेखाटन थांबले नाही. चित्रकलेचे रीतसर शिक्षण नसतानाही, माणसाचे नेमके वैशिष्ट्य हेरून ते साध्या काळ्या रेषांनी त्याला जिवंत करीत. म्हणूनच त्यांच्या चित्रांतील गर्दीतही प्रत्येक चेहरा वेगळा दिसतो. मुंबईच्या नियतकालिकांमुळे ही शैली देशभर पोहोचली. ११ डिसेंबर २०११ रोजी लोटली येथे त्यांचे निधन झाले. जुन्या गोव्यातील माणसे मात्र त्यांच्या रेषांत टिकून राहिली.