प्लेगशी झुंजणारा शास्त्रज्ञ : वाल्डेमार हाफकिन

आमच्या नायगावात हाफकिन हे नाव लहान मुलालाही ठाऊक असते. पण माणसाचे म्हणून नव्हे, तर पत्ता म्हणून. हाफकिनजवळ भेटू, हाफकिनच्या पुढे के.ई.एम., असे आम्ही सहज बोलतो. ज्याच्या नावाने आपण रोज रस्ता विचारतो, त्या माणसाची ओळख आपणा सर्वांना करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 1860 साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. त्या वेळच्या रशियात ज्यूंना अपमान आणि दंगली सोसाव्या लागत; विद्वान असूनही नोकरीची दारे बंद असत. अखेर हाफकिन पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले, ते ग्रंथालयात काम करण्यासाठी. उरलेला वेळ त्यांनी प्रयोगशाळेत घालवला आणि 1892 मध्ये पटकीवरील लस तयार केली. ती प्रथम त्यांनी स्वतःच्याच अंगावर टोचून घेतली. 1893 मध्ये ते भारतात आले आणि कलकत्त्याच्या वस्त्यांतून व आसामच्या चहाच्या मळ्यांतून त्यांनी ही लस दिली.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांना प्लेगचा रोगी आढळला. बघता बघता साथ पसरली. लोक गावी पळू लागले, गिरण्यांना माणसे मिळेनात. सरकारने उपाय योजले. पण ते हुकमाच्या भाषेत. घरांची झडती घ्यायची, रोग्याला उचलून रुग्णालयात न्यायचे, सामान जाळायचे. माणूस एकदा नेला की परत येत नाही, अशी भीती घरोघर बसली. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावरच हल्ला केला. पुण्यात 1897 साली रँडचा वध झाला, हे आपण इतिहासात शिकतोच. मुंबईत मग निरनिराळ्या जाती-जमातींनी आपापली प्लेग रुग्णालये काढली. जे लोक सरकारी रुग्णालयाला घाबरत, ते आपल्या माणसांच्या रुग्णालयात जाऊ लागले.

अशा वेळी हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली आणि व्हरांडा एवढीच त्यांची प्रयोगशाळा. प्लेगचे जंतू वाढविण्यासाठी त्यांनी द्रवावर चक्क तुपाचे थेंब सोडले. मग उष्णतेने ते जंतू मारून लस केली. अवघ्या तीन महिन्यांत, 10 जानेवारी 1897 रोजी, त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली आणि ताप व वेदना सोसल्या. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली. टोचलेल्यांत रोग पुष्कळच कमी आढळला. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती. पण जीव वाचवीत होती. तरुण आगाखान यांनी स्वतः लोकांसमक्ष टोचून घेतले, तेव्हा हजारो खोजा स्त्री-पुरुष पुढे आले.

1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा सुरू झाली. याच वाड्यात 1882 साली गव्हर्नरची पत्नी लेडी फर्ग्युसन पटकीने वारली होती आणि पुढे गव्हर्नर मलबार हिलला राहावयास गेले. साहेबांनी सोडलेल्या वाड्यात लोकांसाठी औषध तयार होऊ लागले.

परंतु दैव फिरले. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी 107 जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वाताने मरण पावले. सारा दोष परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला. त्यांना कामावरून दूर करण्यात आले. वास्तविक बाटली उघडताना खाली पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये जाहीरपणे त्यांची बाजू मांडली, तेव्हा कोठे हाफकिन यांना पुन्हा भारतात, कलकत्त्यास, काम मिळाले. मात्र परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. 1925 मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले. 1930 साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचा अंत झाला.

मला या चरित्रातून एक गोष्ट विशेष जाणवते. साथ एकच होती, शहरही एकच. पण जेथे सक्ती झाली तेथे दगड पडले, आणि जेथे आपल्यातल्या कोणी आधी दंड पुढे केला तेथे रांगा लागल्या. 1897 चा साथरोग कायदा 2020 मध्ये कोरोनाच्या वेळीही लागू करण्यात आला. पण 2021 मध्ये आमच्या चाळीतील म्हातारी माणसे लस घ्यायला तयार झाली ती कायद्यामुळे नव्हे. मजल्यावर राहणाऱ्या एका नर्सताईंनी आधी स्वतः लस घेतली आणि मग घरोघर जाऊन त्यांची समजूत घातली. आजी तर त्यांचाच हात धरून केंद्रावर गेली.

आरोग्याच्या योजना आखणाऱ्यांनी औषधे, खाटा आणि इमारती यांचा हिशेब जरूर करावा; पण ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांना आधी विश्वासात घ्यावे. आणि काही चुकलेच, तर बळीचा बकरा शोधण्याऐवजी कारण शोधावे. मुल्कोवालच्या 19 जणांना आणि हाफकिन यांना, दोघांनाही त्या वेळी हाच न्याय हवा होता.