एडुआर्ड बुख्नर: यीस्ट मेलं, तरी काम चालू!

अकलूजच्या आसपास उसाचं रान काही नवं नाही. मळीत यीस्ट टाकलं की साखरेचं अल्कोहोल होतं, हेही तुम्हाला माहीत असेल. पण हे काम जिवंत यीस्टशिवाय होऊच शकत नाही, असं एकेकाळी पाश्चरसारखे दिग्गजही मानायचे. तो समज मोडला एडुआर्ड बुख्नर यांनी.

जन्म म्युनिकचा, २० मे १८६०. वडील लवकर गेले. पैशाअभावी शिक्षण मध्येच सोडून त्यांना डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात काम करावं लागलं. पुढे मोठा भाऊ हान्स पाठीशी उभा राहिला आणि १८८८ मध्ये डॉक्टरेट मिळाली.

हान्स जंतुशास्त्रज्ञ. त्याला औषधासाठी यीस्टच्या आतला रस हवा होता. यातून काही निघणार नाही, असं म्हणत प्रयोगशाळेतल्या वरिष्ठांनी एडुआर्डचे सुरुवातीचे प्रयत्न थांबवले होते. नंतर यीस्ट वाळूबरोबर खलात घोटलं, प्रेसखाली पिळलं. रस नासू नये म्हणून त्यात भरपूर साखर घातली, अगदी मुरंब्यासारखी. (कारखान्यातला अनुभव इथे कामी आला असावा, असं मला वाटतं.) आणि रसाला बुडबुडे आले! जिवंत पेशी नाही, तरी साखर आंबतेय. काम करत होती ती पेशीतली एन्झाइम्स. १८९७ मध्ये हे प्रसिद्ध झालं, १९०७ मध्ये नोबेल मिळालं. पहिल्या महायुद्धात रुमानियात जखमी होऊन ऑगस्ट १९१७ मध्ये ते गेले.

आता शेताकडे या. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या अभ्यासात दिसलं, की द्राक्षवेलींवरचेच काही बॅसिलस सबटिलिस जिवाणू कार्बेन्डाझिम आणि प्रोफेनोफॉसचे अंश लवकर घटवतात. अशी तोडफोड जिवाणूंमधली एन्झाइम्स करतात. मग जिवाणू जगवत बसण्यापेक्षा नुसतं एन्झाइमच वापरलं तर? हा विचार सरळ बुख्नर यांच्या खलातून आलेला. ऑर्गॅनोफॉस्फरस हायड्रोलेज हे एन्झाइम पाण्याच्या मदतीने पॅराथिऑनसारख्या औषधाच्या रेणूतला फॉस्फरसजवळचा बंध तोडतं आणि विषारीपणा बराच उतरतो. ऑस्ट्रेलियात कापसाच्या शेतातून वाहून आलेल्या पाण्यावर असा प्रयोग झालाय.

अडचण कुठे? एक एन्झाइम सगळी औषधं तोडत नाही. शिवाय ते प्रथिन; चाळिशीपार गेलेल्या सोलापुरी उन्हात किती टिकेल? त्यात तयार करायचा खर्च. त्यामुळे आपल्याकडच्या बागायतदाराला रेसिड्यू टाळायला अजून तरी लेबलवरचं प्रमाण आणि फवारणी ते तोडणीमधले दिवस, यांवरच भिस्त ठेवावी लागते.