घरी वाईनची पिंपं आली, व्यापाऱ्याने ती काठीने मोजली आणि केप्लरने त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं

पेट्रोल पंपावर सकाळी सकाळी गेलात तर एक दृश्य हमखास दिसतं. जमिनीतल्या टाकीचं झाकण उघडायचं, पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची लांब डिप रॉड खाली सोडायची, वर काढायची, पेट्रोल कुठपर्यंत लागलंय ते बघायचं आणि ऑफिसातल्या तक्त्यात तो आकडा शोधून लिटर लिहायचे.

यात एक गंमत आहे. रॉड फक्त उंची सांगते. लिटर सांगतो तो तक्ता. आडव्या पडलेल्या गोल टाकीत पाव उंचीपर्यंत पेट्रोल असेल तर आतलं पेट्रोल पाव टाकी नसतं, साधारण साडेएकोणीस टक्केच असतं. काठीवरच्या रेषेतून आतलं खरं माप कसं काढायचं, या प्रश्नाने चारशे वर्षांपूर्वी एका माणसाची झोप उडवली होती. त्या माणसाचं नाव योहानेस केप्लर.

हो, तोच. ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात हे सांगणारा. शाळेत त्याचे तीन नियम पाठ केलेत, पण पिंपाची गोष्ट पुस्तकात नव्हती.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ चा, जर्मनीतल्या वाइल डेर श्टाट या छोट्या गावातला. बाप भाडोत्री सैनिक. लढायला जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा आणि एकदा गेला तो आलाच नाही. आई काथारिना खानावळवाल्याची लेक. लहानपणी देवी आल्या आणि त्यात केप्लरची नजर कायमची अधू झाली. ज्याने आकाशाचं गणित मांडलं त्याला आकाश स्वतःच्या डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं.

ट्युबिंगेनला शिक्षण झालं, मग ग्राट्झमध्ये गणिताची मास्तरकी. १६०० साली तो प्रागला टायको ब्राहेकडे गेला. पुढच्याच वर्षी टायको वारला आणि केप्लर सम्राट रुडॉल्फ दुसरा याचा राजगणिती झाला. पद मोठं, पण पगार बहुतेक वेळा कागदावरच. १६०९ साली त्याचे पहिले दोन नियम छापून आले. इथवरची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, म्हणून आपण पुढे जाऊ.

१६११ हे वर्ष त्याच्यासाठी काळ बनून आलं. सहा वर्षांचा मुलगा फ्रीडरिश देवीने गेला. काही महिन्यांत बायको बार्बारा गेली. सम्राटाला गादी सोडावी लागली आणि पुढच्या वर्षी तोही वारला. दोन लहान मुलं पदरात घेऊन केप्लर डॅन्यूबकाठच्या लिंत्झ गावी आला.

तिथे त्याने दुसऱ्या लग्नाचं मनावर घेतलं. हा माणूस इतका हिशोबी की त्याने अकरा स्थळं पाहिली, प्रत्येकीचे गुणदोष तोलले आणि शेवटी पाचवीशी लग्न केलं. सुझाना रॉयटिंगर, सुताराची पोरकी लेक, वयाने बरीच लहान. ओळखीतल्या बऱ्याच जणांना हे स्थळ त्याच्या तोलाचं वाटलं नव्हतं. ३० ऑक्टोबर १६१३ ला लग्न झालं आणि संसार शेवटपर्यंत बरा चालला.

आता पिंपांकडे येऊ.

त्या साली ऑस्ट्रियात द्राक्षाचं पीक जोरात आलं होतं. डॅन्यूबमधून नावा भरभरून वाईन लिंत्झच्या धक्क्यावर उतरत होती आणि भाव परवडणारे होते. नवा संसार, घरात मुलं, पैपाहुणा. तिकडे वाईन ही आपल्याकडच्या वर्षाच्या धान्यासारखी भरून ठेवायची वस्तू. केप्लरने काही पिंपं घेऊन तळघरात लावली.

चार दिवसांनी विकणारा हिशोबाला आला, हातात एक मोजकाठी घेऊन. पिंपाच्या पोटाला मधोमध बुचाचं भोक असतं. त्यातून काठी तिरकी आत घातली, समोरच्या खालच्या कडेला टेकवली, ओली रेघ पाहिली आणि माप सांगितलं. दुसरं पिंप, तीच काठी. तिसरं पिंप, तीच काठी. पिंप लांबुडकं आहे की ढेरपोटं, याची विचारणाच नाही.

केप्लर चक्रावला. र्‍हाईन नदीकडे त्याने वेगळी रीत पाहिली होती. तिथे महाग वाईन मापाने ओतून मोजत, नाहीतर पिंपाची बरीच मापं घेऊन किचकट हिशोब करत. इथे एक काठी, एक रेघ, काम खलास.

इंटरनेटवर ही गोष्ट बऱ्याचदा अशी सांगतात की व्यापारी लबाड होता आणि केप्लरने त्याला पकडलं. तसं काही झालं नाही, आणि खरं काय झालं ते जास्त भारी आहे.

शंका मात्र रास्त होती. समजा दोन पिंपांत काठी सारखीच आत जाते. एक पिंप बेताचं आहे, दुसरं बारीक आणि लांबलचक, म्हणजे लांबी रुंदीच्या तिप्पट. सोयीसाठी दोन्ही सरळ नळकांडी धरली, तर दुसऱ्यात पहिल्यापेक्षा जवळपास एक तृतीयांश वाईन कमी मावते. काठी म्हणणार दोन्ही सारखी, भावही सारखाच लागणार. दर पिंपामागे एवढा फटका बसत असेल तर गिऱ्हाइकाने करायचं काय?

केप्लर कामाला लागला. पिंपाच्या पातळ चकत्या करायच्या, कांदा कापतो तशा, आणि प्रत्येक चकतीचं माप घेऊन बेरीज करायची, असा विचार त्याने केला. आर्किमिडीजची कडक सिद्धता बाजूला ठेवून तो या मार्गाने सुसाट सुटला. पिंपावर न थांबता त्याने सफरचंद, लिंबू अशा आकारांचीही घनफळं हाताळली. नव्वदहून जास्त आकार झाले. वाईन कधीच मागे पडली होती.

पण मूळ प्रश्नाचं उत्तर त्याने काढलंच. काठीची लांबी कायम ठेवली तर पिंप किती मोठं होऊ शकतं? अगदी लांब आणि बारीक केलं तर नळी होते, काही मावत नाही. अगदी पसरट केलं तर थाळी होते, तरी काही मावत नाही. मध्ये कुठेतरी असा आकार येतो की सगळ्यात जास्त मावतं. नळकांड्यासाठी ती जागा आहे लांबी रुंदीच्या सुमारे १.४१ पट असताना. आणि ऑस्ट्रियातले पिंपवाले पिढ्यान्‌पिढ्या जी पिंपं बनवत होते, ती या आकाराच्या आसपासच होती!

आता खरी मेख. डोंगराच्या माथ्यावर उभं राहून दोन पावलं इकडे तिकडे सरकलात तर उंचीत काही फरक पडत नाही. उतारावर पडतो. इथेही तेच. कारागिराचा हात चुकला आणि १.४१ ऐवजी १.२ पट लांबीचं पिंप बनलं, म्हणजे आकारात पंधरा टक्के चूक, तरी आत मावणाऱ्या वाईनमध्ये फरक दोन टक्क्यांहूनही कमी. म्हणून ऑस्ट्रियात एक काठी सगळ्या पिंपांना चालत होती. व्यापारी प्रामाणिक होता आणि काठीही. फक्त ती का चालते हे व्यापाऱ्याला माहीत नव्हतं. हीच काठी लांबट पिंपांच्या मुलखात नेली असती तर मात्र गिऱ्हाईक बुडालं असतं.

माथ्याजवळ बदल जवळजवळ शून्य होतो, ही कल्पना पुढे कॅल्क्युलसचा कणा बनली. केप्लरचं पुस्तक छापलं १६१५ साली, न्यूटन जन्मला १६४२ मध्ये. केप्लरने कॅल्क्युलस शोधलं असं म्हणणं जास्तीचं होईल, पण दार त्याने ढकलून ठेवलं होतं.

पुस्तक छापणंही सोपं गेलं नाही. आउग्सबुर्गच्या छापखान्याने नाही म्हटलं. लॅटिनमधलं पिंपांचं गणित विकत कोण घेणार? शेवटी योहानेस प्लांक नावाचा मुद्रक लिंत्झला आला आणि केप्लरने पदरमोड करून ते काढलं. लिंत्झमध्ये छापलेलं हे पहिलं पुस्तक मानतात. पुढच्या वर्षी त्याने व्यापारी आणि कारागिरांना कळावं म्हणून जर्मन आवृत्तीही काढली. माझ्या मते या माणसाचा मोठेपणा इथे जास्त दिसतो. ग्रहांचा नियम सापडलेला माणूस बाजारातल्या लोकांसाठी त्यांच्या भाषेत पिंपं मोजायला शिकवत बसला होता. पिंपाच्या दोन टोकांचं आणि मधल्या पोटाचं माप घेऊन घनफळ काढण्याच्या सूत्राला जर्मन शाळांत आजही केप्लरचा पिंपाचा नियम म्हणतात.

पुस्तक आलं त्याच १६१५ साली घरावर दुसरं संकट आलं. लेओनबर्गमध्ये त्याच्या म्हाताऱ्या आईवर चेटकीण असल्याचा आळ घेतला गेला. शेजारणीचं आजारपण, जुनी भांडणं, जडीबुटीचा नाद, एवढं त्या काळात पुरेसं होतं. १६२० मध्ये तिला अटक झाली. सत्तरी ओलांडलेली बाई साखळदंडात. केप्लर कामधाम सोडून तिकडे गेला आणि एकेका साक्षीचा मुद्देसूद समाचार घेत त्याने आईचा बचाव लढवला. शेवटी तिला छळाची हत्यारं दाखवून धमकावलं गेलं, तरी तिने काही कबूल केलं नाही. १६२१ च्या ऑक्टोबरमध्ये ती सुटली आणि सहा महिन्यांत वारली. याच धामधुमीच्या वर्षांत, १६१९ साली, त्याचा तिसरा नियम छापून आला होता.

मोजमापाने त्याची पाठ सोडली नाही. युद्धामुळे लिंत्झ सोडून तो ग्रहांचे तक्ते छापायला उल्मला गेला. १६२७ साली त्या शहरासाठी त्याने धातूचा एक मोठा हंडा आखून दिला. खोली शहराच्या मापाने दोन फूट, रुंदी एक एल म्हणजे कापड मोजायचा एक हात. भरला की द्रवाचं एक मोठं माप, आयमर. रिकाम्याचं वजन साडेतीन सेंटनर, डॅन्यूबच्या पाण्याने भरला की सात. लांबी, घनफळ, वजन, शहराची सगळी मापं एकाच भांड्यात. कोणी मापात पाप केलं तर हंडा आणून समोर ठेवायचा.

आजच्या तेलाच्या टँक फार्मवर काय चालतं ते बघा. ४० मीटर व्यासाच्या टाकीत पातळी एक मिलिमीटरने हलली तर आतलं तेल सुमारे १,२५७ लिटरने बदलतं. एका नखाच्या जाडीइतकी चूक म्हणजे लाखाच्या घरातला हिशोब. म्हणून टाकीच्या डोक्यावर रडार बसवतात. ते खाली मायक्रोवेव्ह सोडतं, लहर तेलावर आपटून परत येते. एक मिलिमीटरचा फरक पकडायचा तर वेळेतला फरक सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या सहा-सात पट इतकाच असतो. घड्याळाने तो मोजणं अवघड, म्हणून लहरीची वारंवारता सतत बदलत ठेवतात आणि गेलेल्या-आलेल्या लहरींच्या वारंवारतेतला फरक मोजतात. चांगली यंत्रं अर्ध्या मिलिमीटरपर्यंत बरोबर सांगतात. काही ठिकाणी तारेला बांधलेला लोलक मोटरने वरखाली करणारा सर्व्हो गेज असतो.

पण रडारही अखेर काठीच. ते उंची सांगतं, लिटर नाही. त्यासाठी टाकी आधी कड्याकड्याने मोजून तिचा तक्ता बनवावा लागतो. भरल्यावर टाकीचं पोट किंचित फुगतं, तेही त्यात धरतात. वर तापमान. पेट्रोल एका अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं, म्हणजे दहा लाख लिटरच्या टाकीत हजारेक लिटर नुसत्या उन्हाने वाढलेले दिसतात.

आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही. ११ डिसेंबर २००५ ला इंग्लंडमधल्या बन्सफील्ड डेपोत पेट्रोल आत येत राहिलं, पण पातळी दाखवणारा गेज अडकून एकाच आकड्यावर थांबला होता. वरचा धोक्याचा स्विचही चालला नाही. टाकी ओसंडली, वाफेचा ढग पसरला आणि स्फोट झाला. रविवारची पहाट होती म्हणून कोणी मेलं नाही, पण चाळीसहून जास्त लोक जखमी झाले.

केप्लरचं पुढे काय झालं? राजदरबाराकडे त्याचे सुमारे १२ हजार गुल्डन थकले होते. १६३० च्या थंडीत वसुलीसाठी तो रेगेन्सबुर्गला गेला, तापाने पडला आणि १५ नोव्हेंबरला वारला. पैसे मिळाले नाहीत. पुढे तीस वर्षांच्या युद्धात ती दफनभूमीच उद्ध्वस्त झाली, त्यामुळे त्याची कबर नेमकी कुठे आहे हे आज कोणालाच दाखवता येत नाही. उल्मचा हंडा मात्र शाबूत आहे, तिथल्या संग्रहालयात.