शेतकऱ्यांचा शिष्य : सर अल्बर्ट हॉवर्ड

पिकाच्या वाढीला जी द्रव्ये लागतात, त्यांत नत्राचे स्थान फार महत्त्वाचे आहे. हवेचा सुमारे चार-पंचमांश भाग नत्राचा असतो. परंतु बहुतेक वनस्पतींना हवेतील नत्र घेता येत नाही. मातीतील असंख्य सूक्ष्म जंतूंनी तयार करून दिलेलाच नत्र त्यांच्या मुळांना शोषता येतो. उष्ण प्रदेशांत हे धन जसे लवकर तयार होते, तसे ते लवकर नाहीसेही होते. पावसाच्या पाण्याबरोबर ते मुळांच्या खाली झिरपून जाते, पाणी तुंबलेल्या जमिनीतून वायुरूपाने उडून जाते आणि उन्हात पडलेल्या शेणखतातून अमोनियाच्या रूपाने हवेत मिसळते. ही गळती कशी थांबवावी, या एका प्रश्नासाठी ज्यांनी आपल्या आयुष्याची अनेक वर्षे भारताच्या मातीत घालविली, त्या थोर कृषिशास्त्रज्ञाचे नाव सर अल्बर्ट हॉवर्ड.

इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातील बिशप्स कॅसल या गावी १८७३ साली एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शेतीचे संस्कार त्यांना घरातच मिळाले. लंडन व केंब्रिज येथे विज्ञानाचे उच्च शिक्षण घेतल्यावर १८९९ साली ते वेस्ट इंडीज बेटांत वनस्पतींच्या बुरशीजन्य रोगांचे तज्ज्ञ म्हणून रुजू झाले. तेथे त्यांचे बहुतेक काम प्रयोगशाळेच्या चार भिंतींआड चाले. मळेवाल्यांना सल्ला द्यावयाचा; पण तो स्वतः करून पाहण्यास हाताशी जमीन नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला सतत बोचू लागली. जे आपण स्वतःच्या शेतात पिकवून पाहिले नाही, ते दुसऱ्यास सांगण्याचा आपल्याला काय अधिकार, असा त्यांचा विचार होता. हा विचार त्यांनी पुढे कधीही सोडला नाही.

१९०५ साली त्यांची बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत नेमणूक झाली. त्याच वर्षी त्यांचा गॅब्रिएल मॅथे या विदुषीशी विवाह झाला. गॅब्रिएलबाई स्वतः नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. पतीच्या सर्व संशोधनात त्यांचा बरोबरीचा वाटा होता आणि १९१३ साली सरकारने त्यांनाही संस्थेत शास्त्रज्ञाचे पद दिले. या दांपत्याने गव्हाच्या ज्या सुधारित जाती तयार केल्या, त्यांपैकी पुसा ४ व पुसा १२ या जातींनी उत्तर भारतात चांगले नाव मिळविले.

पुसा येथे हॉवर्ड यांना प्रयोगासाठी ७५ एकर जमीन मिळाली. मग त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. आसपासच्या गावांतील शेतकरी कशी शेती करतात, हे ते बारकाईने पाहू लागले. विकतची खते व औषधे न वापरताही त्या शेतांतील पिके निरोगी कशी राहतात, मिश्र पिके कशासाठी घेतात, कडधान्याचा पेरा का चुकवीत नाहीत, हे सारे त्यांनी विद्यार्थ्याच्या वृत्तीने समजून घेतले. राज्यकर्त्यांच्या देशातून आलेला हा विद्वान हिंदुस्थानातील अशिक्षित शेतकऱ्याला आपला गुरू मानीत असे. त्या काळी ही गोष्ट सामान्य नव्हती.

परंतु या गुरूंच्या शेतीतील एक मोठे वैगुण्यही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. जमिनीतून दरवर्षी पीक निघे. पण जमिनीला परत फारच थोडे मिळे. लाकूडफाट्याच्या अभावी शेणाच्या गोवऱ्या थापून चुलीत जाळल्या जात. उरलेले शेण उकिरड्यावर उन्हापावसात पडून राही. गोमूत्र तर गोठ्यातच जिरून जाई, आणि जनावरांच्या मलमूत्रातील नत्राचा मोठा वाटा त्या मूत्रातच असे. विकतचे खत घेण्याची शेतकऱ्याची ऐपत नव्हती आणि घरचे खत डोळ्यांदेखत वाया जात होते. गरिबाच्या ओंजळीतून धान्य गळावे, तसाच हा प्रकार होता.

१९२४ साली इंदूर येथे वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. होळकर संस्थानात सुमारे ३०० एकरांच्या क्षेत्रावर ही संस्था उभी राहिली. माळव्याची ती काळी, कपाशीची जमीन. उन्हाळ्यात तापून भेगाळलेल्या या जमिनीवर पहिला पाऊस पडताच सूक्ष्म जंतू झपाट्याने कामाला लागतात आणि मातीत नायट्रेट तयार होते. त्या वेळी शेतात ते शोषून घेणारे पीक नसेल, तर पुढच्या मुसळधार पावसात ते वाहून जाते. यावरून हॉवर्ड यांनी एक महत्त्वाचा निष्कर्ष काढला. नुसते खत घालून भागत नाही. खत कोणत्या रूपात व कोणत्या वेळी घातले, यावर सारे अवलंबून असते. नत्र जर पूर्ण कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यात बांधला गेला, तर तो हळूहळू सुटतो आणि पिकाला हवा तेव्हा मिळतो.

या विचारातून कंपोस्ट खताची सुप्रसिद्ध इंदूर पद्धत जन्माला आली. तिच्यासाठी यंत्र नको होते की पैसा नको होता. शेतातील तण, पालापाचोळा, धसकटे, उसाचे पाचट असा सर्व प्रकारचा काडीकचरा गोळा करावयाचा. पऱ्हाट्या फार टणक असल्याने त्या रस्त्यावर पसरून ठेवीत. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चिरडल्या जात. हा कचरा आधी गोठ्यात जनावरांखाली अंथरीत. मग सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद व २ फूट खोल अशा खड्ड्यात त्याचे थर रचीत. प्रत्येक थरावर शेणकाला, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातील माती व लाकडाची राख टाकून पाणी शिंपडीत. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचू नये म्हणून हेच ढीग जमिनीवर रचीत. ढीग कधी दाबावयाचा नाही, कारण आत हवा खेळली पाहिजे. थोड्याच दिवसांत तो आतून इतका तापे, की तणांचे बी आणि माश्यांच्या अळ्या नष्ट होत. ठरावीक अंतराने तीन वेळा ढीग उलथापालथा केला, की सुमारे तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत व दुर्गंधरहित खत तयार होई.

या कृतीमागे काटेकोर शास्त्र होते. वाळलेल्या कचऱ्यात कर्ब फार व नत्र थोडा असतो. शेण व मूत्र यांत नत्र अधिक असतो. दोहोंचे मिश्रण करताना कर्ब सुमारे ३३ भाग व नत्र १ भाग असे प्रमाण साधले, तर जंतू तो नत्र आपल्या शरीरात सामावून घेतात आणि तो उडून जात नाही. नत्र कमी पडला तर कुजण्याची क्रिया रेंगाळते. अधिक झाला तर अमोनियाचा उग्र दर्प सुटतो. हा दर्प म्हणजे धन निसटत असल्याची सूचनाच होय.

या संशोधनात यशवंत वाड हे रसायनशास्त्रज्ञ हॉवर्ड यांचे सहकारी होते. १९३१ साली दोघांनी मिळून या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु हे यश पाहण्यास गॅब्रिएलबाई राहिल्या नव्हत्या. पंचवीस वर्षे सावलीसारखी साथ देणाऱ्या या सहचारिणीचा १९३० साली मृत्यू झाला होता. पुढच्याच वर्षी हॉवर्ड सेवानिवृत्त होऊन मायदेशी परतले. १९३४ साली त्यांना सर ही पदवी मिळाली.

मायदेशी त्यांनी विश्रांती घेतली नाही. जमिनीतून घेतलेले जमिनीला परत द्यावे, हा निसर्गाचा नियम ते लेखांतून, भाषणांतून व ग्रंथांतून सांगत राहिले. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने सेंद्रिय शेतीच्या चळवळीला जगभर प्रेरणा दिली. रासायनिक खतांना त्यांचा कडवा विरोध होता. त्यामुळे अनेक शास्त्रज्ञ त्यांच्यावर रुष्ट झाले आणि त्यांनाही त्याची फारशी पर्वा नव्हती. २० ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांची सर्वच मते काळाच्या कसोटीला उतरली असे नाही. वाढत्या लोकसंख्येची भूक भागविण्यात रासायनिक खतांनी मोठा वाटा उचलला, हे नाकारता येत नाही. पण त्यांनी हाती घेतलेला प्रश्न आजही सुटलेला नाही. शेतात टाकलेल्या युरियातील बराच नत्र आजही हवेत उडतो, तर काही विहिरींच्या पाण्यात उतरतो. नत्र सावकाश सुटावा म्हणून भारत सरकारने २०१५ साली देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणे बंधनकारक केले. सेंद्रिय व रासायनिक खते एकमेकांच्या जोडीने, योग्य वेळी व योग्य प्रमाणात द्यावीत, असे आता शास्त्रज्ञ सांगतात.

पुसा व इंदूर येथे हॉवर्ड यांनी जे केले, ते करण्यास केवळ बुद्धी पुरेशी नव्हती. शेतकऱ्याच्या बांधावर बसून शिकण्याची नम्रता त्यासाठी लागत होती. ज्या कचऱ्याकडे लोक पाठ फिरवीत होते, त्यात त्यांनी जमिनीचे धन पाहिले आणि ते राखण्याचा मार्ग गरिबातल्या गरीब शेतकऱ्याच्या हाती दिला. गावोगावच्या खतांच्या खड्ड्यांतून त्यांचे हे कार्य आजही चालू आहे.