मिठागराच्या कारकुनाची पेशवाई

बाळाजी विश्वनाथ भट यांच्या उमेदवारीचा आरंभ चिपळूणकडील मिठागरावरच्या कारकुनीने झाला, असे परंपरा सांगते. घराण्याकडे श्रीवर्धनची देशमुखी होती. पण जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसले आणि त्यांना घाटावर यावे लागले. रामचंद्रपंत अमात्यांच्या हाताखाली ते वसुलीच्या कामात मुरले. १६९९ मध्ये ते पुण्याचे सरसुभेदार झाले. मोगलांनी तुडविलेल्या त्या मुलखात सारा गोळा करावयाचा, तर लेखणीबरोबर घोडेस्वारही बाळगावे लागत.

१७११ मध्ये सेनापती चंद्रसेन जाधव ताराबाईंना मिळाले आणि शाहू महाराजांपाशी सैन्य असे फारसे उरले नाही. बाळाजींनी सावकारी पतीवर नवी फौज उभी केली. ‘सेनाकर्ते’ हा किताब त्याबद्दलचा. रणांगणावर ते अजिंक्य मुळीच नव्हते. दमाजी थोराताने त्यांना हिंगणगावी कैद केले आणि महाराजांना दंड भरून त्यांची सुटका करावी लागली. १७१३ मध्ये पेशवेपद मिळाल्यावर मात्र कान्होजी आंग्र्यांना त्यांनी तलवारीऐवजी तहाने शाहूपक्षात आणले.

त्यांचे खरे कर्तृत्व १७१९ चे. सय्यद बंधूंच्या साहाय्यास ते फौजेनिशी दिल्लीस गेले. दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणि मोगलांच्या कैदेतील राजमाता येसूबाई यांना घेऊन ते परतले.

चौथाईची त्यांनी केलेली वाटणी हिशेबनिसाच्या हातची आहे. शंभरांतील २५ भाग बाबती म्हणून छत्रपतींचे, ६ सहोत्रा म्हणून पंतसचिवांचे, ३ नाडगौडा म्हणून महाराजांच्या मर्जीचे. उरलेले ६६ सरदारांचे. सरदेशमुखी निराळी, ती छत्रपतींची. एकाच परगण्यात अनेकांचे हक्क असे गुंतवले, की कोणा सरदाराला सलग मुलूख हाती धरून स्वतंत्र होणे अवघड जावे. युक्ती नामी, पण अपुरी. शिवाजी महाराजांची रोख वेतनाची पद्धत राजारामांच्या काळातच मोडली होती. ती पुन्हा बसविण्याइतका पैसा साताऱ्याच्या खजिन्यात नव्हता. वसूल करणारा सरदार आणि खर्चणाराही तोच. मध्यवर्ती सत्तेच्या वाट्याला राहिली ती मुख्यतः तपासणी. दूरच्या प्रांतांत तीही पुढे पातळ झाली. या दोषाचे सारे माप बाळाजींच्या पदरात घालणे मात्र अन्यायाचे होईल.

एप्रिल १७२० मध्ये सासवडला त्यांचे निधन झाले. पेशवाईची वस्त्रे एकोणीस वर्षांच्या बाजीरावाला मिळाली. दक्षिणेत ठाण मांडलेल्या निजामाने चौथाईचा हक्क अमान्य केला आणि सनदेतील आकडे मान्य करून घेण्यासाठी १७२८ मध्ये पालखेडला त्याची कोंडी करावी लागली.