वाट अडली तेव्हा : हायमेनडॉर्फ आणि आपला जिल्हा

गणपती बसले की आपण सगळेच विघ्न दूर व्हावे म्हणून हात जोडतो. प्रत्येक घराचे मागणे वेगळे. कुणाच्या मुलाला पदवी घेऊन चार वर्षे झाली तरी नोकरीचा पत्ता नाही, कुणाचे दुकान बसले आहे, कुणाला निवृत्तीनंतरचा दिवस सरता सरत नाही. यंदा आम्ही अशा एका माणसाचे चरित्र देत आहोत, ज्याचे विघ्न लवकर हटले नाही. पण त्या अडचणीच्या आतच त्याला आयुष्याचे काम सापडले, आणि तेही आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात.

क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे नाव आपल्याकडच्या जुन्या मंडळींनी ऐकलेले असते. त्यांचा जन्म १९०९ साली ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे एका सरदार घराण्यात झाला. लहान वयात रवींद्रनाथांचे साहित्य वाचून त्यांना हिंदुस्थानची ओढ लागली. व्हिएन्ना विद्यापीठात त्यांनी मानववंशशास्त्राचा अभ्यास केला. आसाम आणि ब्रह्मदेशाच्या डोंगरी जमातींवर प्रबंध लिहिला, पुढे लंडनला मॅलिनोव्स्की यांच्या हाताखाली शिकले आणि १९३६-३७ मध्ये नागा टेकड्यांत कोन्याक नागांमध्ये जाऊन राहिले. तरुण वयातच नाव झाले. पुढची वाट स्वच्छ दिसत होती.

मग जग बदलले. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि ऑस्ट्रियन माणसाच्या हाती जर्मन पासपोर्ट आला. त्याच वर्षी त्यांचे बेट्टी बार्नार्डो या इंग्रज तरुणीशी लग्न झाले. १९३९ साली ते पुन्हा हिंदुस्थानात आले आणि सप्टेंबरात महायुद्ध पेटले. इंग्रज सरकारच्या दृष्टीने ते आता शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. ओळखीचे अधिकारी सभ्यपणे वागले, पण नियम तो नियम. त्यांना निजामाच्या हैदराबाद संस्थानाची हद्द घालून दिली गेली. मायदेश हिटलरच्या ताब्यात, नागा टेकड्या बंद, वय तीस.

अशा वेळी माणूस दोन गोष्टी करतो. सुटकेची वाट बघत दिवस काढतो, नाहीतर कुढत बसतो. हायमेनडॉर्फ यांनी संस्थानाच्या नकाशात काय आहे ते पाहायला सुरुवात केली. आधी ते नल्लमलाच्या जंगलात चेंचूंमध्ये राहिले, मग गोदावरीकाठच्या डोंगरांत रेड्डी जमातीमध्ये. यांतले काहीच त्यांनी मूळ बेतात धरलेले नव्हते. पण काम मन लावून केले आणि त्यातून पुस्तके उभी राहिली. बेट्टीबाई प्रत्येक मुक्कामात बरोबर होत्या.

इकडे आपल्या जिल्ह्यात १९४० साली जोडेघाट येथे कुमुरम भीम आणि त्यांचे साथीदार गोळीबारात मारले गेले. राखीव जंगलाच्या नावाखाली गोंडांची गावे उठवली जात होती. कसत असलेल्या जमिनीचे कागद त्यांच्याकडे नव्हते. बाहेरून आलेले शेतकरी, सावकार आणि व्यापारी जमिनी धरत होते. त्यांत तेलुगू होते तसे मराठीही होते, हे आपण विसरू नये. एवढा संताप का उसळला, याची कारणे निजाम सरकारला हवी होती आणि हायमेनडॉर्फ गोंडांमध्ये येऊन राहिले.

त्यांनी मुक्काम केला तो मारलवाई या लहानशा गावात. हे गाव आज कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात, जैनूर मंडलात येते. तिथे ते गोंडी शिकले, सण-उत्सवांत बसले, प्रधानांकडून गोंडांच्या पुराणकथा ऐकून लिहून घेतल्या. आणि इथेच त्यांच्या आयुष्याने वळण घेतले. अभ्यासक पाहतो, लिहितो आणि निघून जातो. त्यांना तसे जमले नाही. गोंडांना जमिनीचे पट्टे मिळावेत म्हणून त्यांनी सरकारला अहवाल लिहिले, पाठपुरावा केला, आणि हजारो कुटुंबांच्या नावे जमीन लागली.

१९४३ साली मारलवाईला गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. इथे आपल्या भाषेचा संबंध येतो. गोंडीची पुस्तके देवनागरी लिपीत तयार करण्यात आली आणि ज्या मोजक्या गोंड तरुणांना मराठी लिहिता-वाचता येत होते, त्यांच्यापासून शिक्षकांची फळी उभी राहिली. केसलापूरच्या नागोबा जत्रेत अधिकाऱ्यांनी येऊन आदिवासींची गाऱ्हाणी ऐकायची, तो दरबारही त्यांच्याच काळात सुरू झाला.

युद्ध संपण्याआधीच त्यांच्यावरील बंधने सैल झाली. १९४४-४५ मध्ये सरकारनेच त्यांना ईशान्येच्या सीमाभागात, आपातानींच्या प्रदेशात कामगिरीवर पाठवले. आता जगाची वाट मोकळी होती, तरी ते हैदराबादला परतले आणि आदिवासींविषयीचे सल्लागार म्हणून काम करू लागले. १९४८ साली आदिलाबादच्या राजगोंडांवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे लंडन विद्यापीठात ते प्राध्यापक झाले, नेपाळच्या शेर्पांवर लिहिले, जगभर मान मिळाला. मारलवाईला मात्र ते पुन्हा पुन्हा येत राहिले. तोवर बाहेरच्यांचा लोंढा वाढून गोंडांच्या जमिनी परत हातातून निसटू लागल्या होत्या. ते पाहून त्यांना दुःख झाले आणि तेही त्यांनी स्पष्टपणे लिहून ठेवले.

१९८७ साली बेट्टीबाई हैदराबादला वारल्या. त्यांचे दफन मारलवाईला झाले. १९९५ साली हायमेनडॉर्फ लंडनला निवर्तले. पुढे त्यांच्या अस्थी मारलवाईला आणून पत्नीशेजारी ठेवण्यात आल्या. गावातले गोंड अजूनही तिथे जमून त्यांची आठवण करतात.

आपल्या घरांतही १९५६ साली अशीच एक हद्द येऊन पडली होती. संस्थान मोडले, किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. आपल्या आधीच्या पिढीने तेलुगू शिकून, दुकाने-शेती सांभाळून, हे मंडळ चालवून इथेच मूळ धरले. म्हणून ज्या तरुणांना आज सगळे बंद वाटते, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. दूरचे दार उघडेपर्यंत घालून दिलेल्या हद्दीत कोण राहतो, त्याला काय हवे आहे, ते एकदा नीट पाहावे. येत्या पौष अमावास्येला केसलापूरच्या जत्रेला जाल, तेव्हा मुलांना घेऊन मारलवाईलाही जाऊन यावे.